आने कर्स्टिनचं नाव कुठल्या दगडावर

विलोक्रीकच्या मंडळीत नेड्रा कधी नाही म्हणाली, असं गेल्या पन्नास वर्षांत कुणाला आठवत नव्हतं. कुणाचं मयत झालं की चीज घातलेल्या बटाट्यांचा मोठा ट्रे तिच्या घरून जायचा. मुलांच्या वर्गाला शिक्षिका मिळाली नाही की बिशपचा, म्हणजे मंडळीचं काम बघणाऱ्या गावातल्याच कुणा संसारी माणसाचा, फोन तिलाच यायचा. रविवारच्या सभेत 'अमक्याला अमक्या कामावर नेमलं आहे, मान्य असेल त्यांनी हात वर करा' म्हटलं, की सगळ्यांबरोबर तिचाही उजवा हात वर. मग 'कुणाची हरकत?' असंही विचारतात. पण ते आपलं विचारायचं म्हणून. त्या प्रश्नाला वर गेलेला हात नेड्रानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

गेली अकरा वर्षं ती आणखी एक काम करत होती. मंडळीच्या जुन्या दप्तरांची स्कॅन केलेली पानं सॉल्ट लेकच्या मुख्य कचेरीतून तिच्या कॉम्प्युटरवर यायची. कोण कधी जन्मला, कधी बाप्तिस्मा झाला, कधी मेला, ते वाचून टाइप करायचं. सॅनपीट खोऱ्यात जे पहिले लोक आले त्यातले निम्मे डॅनिश, त्यामुळे जुनी दप्तरंही डॅनिशमध्ये, आणि अक्षर असं की मुंगी शाईतून निघून कागदावर फिरली असावी. ते वाचणारं खोऱ्यात आता नेड्राशिवाय कुणी उरलं नव्हतं. आजीकडून शिकलेली भाषा म्हातारपणी अशी कामी आली.

एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी तिच्यापुढे १८७९ सालचं पान आलं. तिनं वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. लिहिलं होतं, 'बहीण आने कर्स्टिन आज बिशपपुढे आली. नवऱ्यापासून मोकळीक मागते. बिशपनं तिला धीर धरायला सांगितलं.'

बहीण म्हणजे मंडळीतली कुठलीही बाई, पण आने कर्स्टिन ही नेड्राची पणजी. तिचा नवरा नील्स लॉरिट्सन, नेड्राचा पणजोबा, तेव्हाच्या रीतीनं एकाच वेळी असलेल्या त्याच्या तीन बायकांपैकी ही तिसरी. आणि १८७९ साली विलोक्रीकचा बिशप कोण होता? नील्स लॉरिट्सनच.

म्हणजे बाईला नवऱ्यापासून सुटका हवी होती, तर ती मागायची नवऱ्याकडेच. आणि या पठ्ठ्यानं ते स्वतःच्या हातानं दप्तरात लिहून ठेवलं, जणू नवरा कुणी तिसराच माणूस आहे. नेड्राला आधी हसू फुटलं. एकटीच बसून ती इतकी हसली की खुर्ची मागे सरकली. मग पुढची पानं चाळली. जूनमध्ये तेच, 'बहीण आने कर्स्टिन पुन्हा आली. बिशपनं तिला प्रार्थना करायला सांगितलं.' ऑक्टोबरात परत तेच, 'तिसऱ्यांदा आली. बिशपनं तिला घरी पाठवलं.' तिथं मात्र नेड्राचं हसू आटलं, आणि ती उठून मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

तिला काय झालं होतं ते सांगायला हवं. १९८७ साली ती चौतीस वर्षांची होती, तीन मुलांची आई. तिचा नवरा व्हर्ल हात उगारणारा नव्हता, पण महिनेच्या महिने बोलायचा नाही. जेवणाचं ताट सरकवायचं, दार आपटायचं, संपला संसार. तेव्हा विलोक्रीकचा बिशप होता थेन, तिचा सख्खा मोठा भाऊ. नेड्रा त्याच्याकडे घरी गेली नाही. रीतसर वेळ घेऊन त्याच्या ऑफिसात गेली, आणि मला वेगळं व्हायचंय म्हणाली. थेननं तिला घरी पाठवलं. पुढे व्हर्ल वारला त्याला नऊ वर्षं झाली, मुलं मोठी झाली, भावाबहिणीचं येणंजाणं, हसणंखिदळणं सगळं सुरळीत होतं. त्या ऑफिसातल्या गोष्टीबद्दल मात्र थेननं सदतीस वर्षांत अवाक्षर काढलं नव्हतं, आणि नेड्रानंही काढायला लावलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, दीडशे वर्षांपूर्वीच्या पणजीचं एवढं काय? तर दगड. लॉरिट्सन घराण्याचा जुलैत मोठा मेळावा भरतो. गेल्या वर्षीच्या मेळाव्यात ठरलं होतं की नील्सबाबांच्या थडग्यावर नवा ग्रॅनाइटचा दगड बसवायचा. मध्ये नील्स, खाली 'आणि त्याच्या तीन निष्ठावंत पत्नी', मग तिघींची नावं. पहिल्या दोघींची थडगी ठाऊक होती. तिसऱ्या उंचवट्यावर काही लिहिलेलं नव्हतं, पण ती आने कर्स्टिनचीच जागा, असं सगळे धरून चालले होते, आणि दर वर्षी मे महिन्यात तिथं फुलं ठेवत होते. मजकूर वाचून दाखवल्यावर हात वर करून संमती घेतली गेली. नेड्राचाही हात वर होता. दगड कोरायला गुरुवारी सुरुवात होणार होती. ग्रॅनाइटवर एकदा अक्षर उठलं की झालं, ती बाई जगबुडीपर्यंत निष्ठावंत.

नेड्रानं पानं छापली आणि तशीच चालत थेनकडे गेली.

थेन अठ्ठ्याहत्तरचा. आधी बिशप, मग खोऱ्यातल्या दहा मंडळ्यांचा अध्यक्ष, आणि गेली वीस वर्षं शंकानिरसनकार. मंडळीच्या इतिहासाबद्दल कुणाला शंका आली की लोक त्याला थेनकडे धाडायचे. थेन दर दोन महिन्यांनी एक पत्रक काढायचा. पंथाच्या संस्थापकाला झालेल्या देवाच्या दर्शनाच्या वेगवेगळ्या हकिकती का आहेत, बहुपत्नीत्व बंद केल्याचं जाहीर करूनही पुढे काही लग्नं का लागली, काळ्या पुरुषांना १९७८पर्यंत पुरोहितपद का मिळत नव्हतं. ही सगळी पत्रकं टाइप केली होती नेड्रानं. त्यामुळे थेनची उत्तरं कशी बनतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आधी म्हणायचं, असं घडलंच नाही. कागद निघाला की म्हणायचं, घडलं, पण तसं नाही. दुसरा कागद निघाला की म्हणायचं, तो काळच तसा होता. आणि तिथंही कुणी अडवलं, की म्हणायचं, काही गोष्टी आपल्याला वर गेल्यावर कळतील.

थेन परसात टोमॅटोच्या रोपांवर थंडीपासून जपायला प्लास्टिकच्या टोप्या घालत होता. त्याची बायको लोर्ना पायरीवर बसून रूबार्बचे आंबट देठ चिरत होती.

"वाच," नेड्रा म्हणाली, आणि डॅनिश पानाखाली लिहिलेलं भाषांतर त्याच्यापुढे धरलं.

थेननं हात पुसले आणि वाचलं. "आने कर्स्टिन नावाच्या त्या वेळी विलोक्रीकमध्ये चार बायका असतील."

"एकच होती. जनगणना बघून आलेय मी. ही झाली तुझी पहिली पायरी, पुढे चल."

लोर्ना खाली बघून हसली.

"बरं, असेल ती आपली पणजी," थेन म्हणाला. "पण मोकळीक म्हणजे काय? कामातून मोकळीक असेल. एकत्र घर, तीन बायका, शंभर कामं."

"'नवऱ्यापासून' असं लिहिलंय, थेन. मला डॅनिश शिकवू नकोस."

"अगं, पण तू त्या माणसाच्या जागी उभी राहून बघ ना. वाळवंटात गाव वसवायचं, कालवे खणायचे, वर अनेक बायका केल्या म्हणून सरकार मागे लागलेलं. त्या काळात..."

"आली तिसरी," नेड्रा म्हणाली. "तू थोडा दम खा. या वयात एवढे जिने चढू नयेत."

आता लोर्नाला सुरी बाजूला ठेवून हसावं लागलं. थेनही हसला, रागावणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि वाद घालायला त्याला नेड्राइतकं कुणी आवडत नव्हतं. पण तो पानं परत परत बघत राहिला, आणि बघता बघता त्याचा चेहरा उजळला.

"चौथी नोंद कुठाय?"

"कसली चौथी?"

"ती तीनदा आली. त्यानंतर दप्तरात काही आहे?"

"नाही," नेड्राला कबूल करावं लागलं. "पुढची सहा वर्षं वाचली. तिचं नाव नाही."

"मग झालं तर. तीनदा आली, चौथ्यांदा आली नाही. म्हणजे तिचं मन शांत झालं. राहिली. धीर धरला तिनं, आणि त्यालाच निष्ठा म्हणतात, नेड्रा. दगडावर लिहिलंय ते बरोबरच आहे. उलट तुझ्या या कागदांनी ते जास्तच बरोबर ठरतं."

नेड्रानं पानं गोळा केली. तिला आतून ठाऊक होतं की हे खोटं आहे, पण आतून ठाऊक असणं म्हणजे पुरावा नव्हे, हे तिनंच थेनच्या पत्रकांत वीसदा टाइप केलं होतं. "विचारून विचारून थकली असेल ती," एवढंच ती म्हणाली.

"असेल. नसेल. आपल्याला काय माहीत?"

"मला माहीत आहे," नेड्रा म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला. लोर्नानं वर बघितलं, आणि थेननं टोमॅटोकडे.

घरी येऊन तिनं लडेलला फोन लावला. लडेल तिचा चुलतभाऊ, टर्की पक्ष्यांच्या शेडांचा मालक आणि मेळाव्याचा प्रमुख.

"दगड थांबव," नेड्रा म्हणाली.

"का गं? हात वर केला होतास तू. बघितलाय मी."

"केला होता. आता खाली घेतेय."

"असं खाली घेता येतं होय? बाई, जुलैत अर्धं घराणं येणारेय, कोरणारा माणूस माउंट प्लेझंटहून येतोय. हे बघ, थेन म्हणेल तसं करू. तो हो म्हणाला तर थांबवतो. त्याला या गोष्टी कळतात."

नेड्रानं फोन ठेवला आणि बराच वेळ शिव्या दिल्या; मंडळीतली बाई देऊ शकते तेवढ्याच, पण मनापासून. थेनला या गोष्टी कळतात. तोच हो म्हणाला तर. १८७९ असो की आत्ता, विचारायचं ते शेवटी त्याच माणसाला.

आणखी एक गोष्ट तिला त्या आठवड्यात झोपू देत नव्हती, आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. आमच्या लोकांत मेलेल्यांसाठीही मंदिरात विधी करतात. ज्यांच्या लग्नाची अनंतकाळाची गाठ कागदोपत्री सापडत नाही, त्यांची वंशजांनी बांधायची. जिवंत माणसांनी त्यांच्या जागी वेदीपाशी गुडघे टेकायचे, हातात हात द्यायचा आणि हो म्हणायचं. नील्स आणि आने कर्स्टिनच्या गाठीची नोंद मंदिराच्या कागदांत सापडत नव्हती. कुणाला वाटलं, हरवली असेल. म्हणून ती परत बांधली गेली. नील्सच्या जागी गुडघे टेकले होते थेननं, आणि आने कर्स्टिनच्या जागी नेड्रानं. नोंद हरवली नसून गाठच सोडवली गेली असेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. एक बाई जिवाच्या आकांतानं ज्याच्यापासून सुटका मागत होती, त्याच्याशी तिच्या पणतीनं तिला हसतमुखानं कायमची बांधून टाकलं. असा घोळ आमचेच लोक घालू जाणोत.

मंगळवार गेला, बुधवार गेला. थेनचा फोन आला नाही. लोर्नाला विचारलं तर म्हणाली, "सकाळी डबा घेऊन जातो, संध्याकाळी येतो. कुठं जातोस विचारलं तर म्हणतो, नेड्राला गप्प करायला."

गुरुवारी सकाळी सातला त्याचा ट्रक नेड्राच्या दारात उभा राहिला. "बस," तो म्हणाला.

"कुठं?"

"बस गं. प्रत्येक गोष्टीचा कागद मागू नकोस."

ती बसली. थेन रेडिओही न लावता चालवत होता. खोरं संपलं, घाट आला, पलीकडे उतरल्यावर कॉटनवुड बेंडची पाटी दिसली. चाळीस मैल लांबचं हे गाव. इथं लॉरिट्सनांचं कुणी नाही, कधी नव्हतं. गावाबाहेरच्या दफनभूमीपाशी थेननं ट्रक थांबवला, आणि हात स्टिअरिंगवरच ठेवून बोलायला लागला.

"मी तुला खोटं पाडायला निघालो होतो," तो म्हणाला. "म्हटलं, ती राहिली असेल तर मरेपर्यंत आपल्या मंडळीच्या यादीत असणार. नाव एकदा सापडलं की तुझं तोंड बंद. यादीत नव्हती. मग म्हटलं, आजूबाजूच्या गावांच्या याद्या तपासू, तिथंही नाही हे दाखवू, म्हणजे ती लवकर वारली असं म्हणता येईल. मंगळवारी पाच गावं झाली. सगळीकडे नव्हती. मी इतका खूश होतो म्हणून सांगू."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी इथं आलो. इथलं दप्तर इंग्रजीत आहे, मलाही वाचता आलं." त्यानं खिशातून कागद काढला. "नोव्हेंबर १८८०. 'विलोक्रीकहून दाखल झाली, सोबत दोन वर्षांचा मुलगा पीटर. वर्तन चांगलं असल्याचा दाखला आणला आहे.' दाखल्यावर सही नील्सची. आणि नाव लॉरिट्सन नाही, माहेरचं. आने कर्स्टिन होल्म."

पीटर म्हणजे त्यांचे आजोबा. सोळाव्या वर्षी ते बापाच्या शेतावर कामाला म्हणून परत आले होते, आणि त्यांच्या घरात आईचा विषय कधी निघाला नव्हता, एवढंच दोघांना ठाऊक होतं. ते परत कुठून आले होते, हे मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

"सोडलं होतं तर त्यानं तिला शेवटी," नेड्रा म्हणाली.

"सोडलं. सही केली, आणि आपल्या दप्तरात मात्र एक ओळ लिहिली नाही." थेननं कागद तिच्या हातात दिला. "तू म्हणशील चौथी पायरी. पण माझ्याकडे नाहीये ती आज."

त्याला हा कागद खिशात ठेवून देता आला असता. कॉटनवुड बेंडचं दप्तर वाचायला दुसरं कोण येणार होतं? नेड्राच्या हे लक्षात आलं, आणि भावाबद्दल तिला इतकं प्रेम दाटून आलं की तिनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

दफनभूमीच्या वरच्या अंगाला, जुनिपरच्या झुडपाशेजारी, तो दगड होता. वालुकाश्माचा, गुडघ्याएवढा, अक्षरं झिजलेली, पण बोट फिरवलं की कळत होती. आने कर्स्टिन होल्म. जन्म ऑलबोर्ग. मृत्यू १९०९. खाली एकच ओळ, 'हिच्या हातांवर या गावची एकशे बारा मुलं जन्मली.' नवऱ्याचं नाव नाही, निष्ठेचं नाही, धीराचंही नाही. नेड्रानं खाली बसून त्या ओळीवरून बोट फिरवलं, आणि तिला इतका आनंद झाला की तिनं तो लपवला नाही. "सुईण होती," ती म्हणाली. "ऐकलंस? एकोणतीस वर्षं इथं राहिली, आणि सुईण होती. बाई मजेत होती, थेन."

"असं दिसतंय खरं."

"दिसतंय नाही. होती."

"होती," थेन म्हणाला. "लडेलला फोन केलाय मी सकाळी. तिसरं नाव कोरू नकोस म्हटलं. 'निष्ठावंत'सुद्धा काढ म्हटलं, बाकीच्या दोघींना तरी आपण कुठं विचारलंय. तो बोंबलला. मी म्हटलं, मेळाव्यात उभा राहून मीच वाचून दाखवेन सगळं, त्या तीन नोंदींसकट. आणि मंदिराच्या गाठीचं सॉल्ट लेकला पत्र लिहिलंय. ती सोडा म्हणून. आपण दोघांनी बांधली होती ती."

"मला वाटलं, तू विसरलास."

"नाही विसरलो." तो दगडाकडे बघत उभा राहिला. वर गुरांच्या कुंपणापाशी वारा होता, इथं खाली नव्हता. त्यानं टोपी काढली, परत घातली, परत काढली. "त्याच वर्षी तू माझ्याकडे आली होतीस," तो म्हणाला. "ऑफिसात. मी तुला परत पाठवलं. दोनदा."

"तीनदा," नेड्रा म्हणाली.

थेननं कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. "तिसऱ्यांदा कधी?"

"थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी. मी रडत होते. तू म्हणालास, मंदिरात ये, मन शांत होईल, पणजीची गाठ बांधायची राहिलीय, तिच्या जागी तू बस."

थेननं तोंड उघडलं. त्याच्या तोंडाशी आलेलं वाक्य नेड्राला जवळजवळ ऐकू आलं: तेव्हा मला वाटलं होतं की... व्हर्लचा स्वभाव तसा... तो काळच... वीस वर्षं तिनं ती वाक्यं टाइप केली होती. पण त्यातलं एकही बाहेर पडलं नाही. त्यानं तोंड मिटलं, आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "चूक झाली माझी."

नेड्रा गुडघ्यावर हात टेकून सावकाश उभी राहिली.

"परत म्हण."

"चूक झाली माझी, नेड्रा. ऐकू आलं नाही का तुला?"

"पहिल्यांदाच आलं होतं," ती म्हणाली. "परत ऐकावंसं वाटलं."